घरमालकांची चीनमधली इर्जिक

दुसऱ्याचं गाव कसं पाहावं हे या पृथ्वीवर फक्त आमच्या घरमालकांना कळतं, बाकीचे आपण सगळे नुसते हिंडतो. हे मी नऊ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो आहे. पुण्याला लागून असलेल्या सूस गावातल्या त्यांच्या तीन मजली इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, आणि या नऊ वर्षांतले माझे निम्मे रविवार त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले आहेत. रविवारी सकाळी पांढरा पायजमा, सदरा आणि टोपी अशा तयारीत ते खाली उभे राहतात आणि वर बघून हाक मारतात, "चला पाव्हणं, गाव बघून येऊ." ताम्हिणीला सगळं पुणं धबधब्यापुढे उभं राहून फोटो काढत असतं, तेव्हा हे धबधब्याकडे पाठ करून एखाद्या ढाब्याच्या मागच्या खाचरात उतरलेले असतात. भाताची एक लोंबी तोडतात, दाणा दाताखाली धरतात आणि ढाबेवाल्याला सांगतात, "अजून धा दिस हायेत. घाई करू नका." ढाबेवाल्याचं ते शेतच नसतं. तो आपला मान हलवतो आणि आम्हाला चहा देतो.

गाव पाहायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. देऊळ नाही, डोंगर नाही, शाळा नाही. पहिला प्रश्न, पाणी कुठून येतं. दुसरा, खळं कुठं आहे. तिसरा, मसणवटा कुठं आहे. "जित्याला पाणी, पिकाला खळं आन मेल्याला जागा. ही तीन नीट असली की गाव नीट. बाकी समदी रंगरंगोटी." एकदा लवळ्याच्या टेकडीवर, त्या मोठ्या कॉलेजांच्या बाजूला, त्यांनी रिक्षाची वाट बघणाऱ्या एका विद्यार्थ्याला गाव विचारलं. त्याने "होस्टेल बी" असं उत्तर दिलं. घरमालकांना संध्याकाळपर्यंत त्या पोराची काळजी लागून राहिली. माझ्यावरही ही पाळी येऊन गेली होती. मी खोली बघायला आलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. परभणीकडचा आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाला पाणी कुटनं येतं?" मी म्हणालो, नळाला. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि खोली देऊन टाकली.

इमारतीच्या मागे त्यांचं अकरा गुंठ्यांचं भातखाचर होतं. बाकीची जमीन केव्हाच गेली, तिच्यावर आता दोन सोसायट्या उभ्या आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये हे खाचर उरलं होतं. सकाळी दहापर्यंत एका सोसायटीची सावली, दुपारी तीननंतर दुसऱ्या सोसायटीची. मधल्या उन्हात भात पिकायचं. उन्हाळ्यात घरमालक तिथे राब भाजायचे, म्हणजे रोपं वाढवायच्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवायचे. त्याच आठवड्यात धुराबद्दल सोसायटीचं पत्र यायचं. ते मी त्यांना वाचून दाखवायचो. सगळं शांतपणे ऐकून घेऊन ते विचारायचे, "ह्ये लोक भात खात्यात ना?" मी हो म्हणायचो. "मंग झालं," असं म्हणून ते पत्राची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवायचे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा धूर, पुन्हा पत्र.

त्यांच्या दोन मुलांनी त्या खाचराचं एका बिल्डरशी ठरवलं होतं. मुलं वाईट नाहीत हे आधी सांगतो. थोरल्याचं गाड्या धुण्याचं दुकान आहे, धाकटा प्लॉटच्या व्यवहारात असतो, दोघेही बापाला कधी मोठ्या आवाजात बोलत नाहीत. कागद तयार होते. भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, राहिली होती फक्त म्हाताऱ्याची. दर अमावस्येनंतर मुलं कागद घेऊन यायची आणि घरमालक विषय बदलायचे. आज हात दुखतोय, आज चष्मा सापडत नाही, आज पेन लिहीत नाही. एकदा तर त्यांनी मुलांना सांगितलं की पाव्हण्यांना इचारून सांगतो, आणि मला काहीही विचारलं नाही. वय पंच्याहत्तरीकडे झुकलेलं. चिखलात उतरले की गुडघे धरायचे. हे असं किती दिवस चालणार ते त्यांनाही कळत होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

अशात एका संध्याकाळी मी त्यांना फोनवर चीनमधल्या जुन्या गावांची चित्रफीत दाखवली. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, दारादारासमोरून वाहणारा पाट, मागे डोंगर आणि पुढे पिवळी पडलेली भाताची खाचरं. त्यांनी ती तीनदा पाहिली. मग चष्मा काढून म्हणाले, "चीनमंदी आपल्यापरीस मोठ्या बिल्डिंगी हायेत म्हणं?" मी म्हटलं, कितीतरी मोठ्या. "आन गाव बी शाबूत हाय. कसं राखलं आसंल?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं, "मी चीन बगून येतो. त्येंनी गाव कसं राखलं ते कळलं, तर सही न्हाई. न्हाई कळलं, तर आल्यावर सही करतो." तालुक्याच्या कचेरीपलीकडे एकट्याने कधी न गेलेल्या माणसाची ही अट ऐकून मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर त्यांचा पासपोर्ट ज्या वेगाने झाला तसा कुणाचा झालेला मी पाहिला नाही. थोरला वर येऊन मला म्हणाला, "सर, तुम्ही सोबत जा. आबा कुणाचं ऐकायचे नाहीत, पण तुमचं निदान ऐकून घेतात." मी रजा टाकली. तेव्हा मला ही गंमत वाटली होती.

दसऱ्यानंतर आम्ही एका सहल कंपनीबरोबर निघालो. तिथल्या बसमध्ये आमच्यासोबत पुण्यातली निवृत्त मंडळी होती, चिवड्याचे डबे आणि गुडघ्याचे पट्टे घेऊन आलेली. शांघायच्या उंच इमारतींखाली सगळ्यांच्या माना वर होत्या, घरमालकांनी मात्र वर पाहिलंच नाही. "हे घरी हाय," एवढंच म्हणाले. हुआंगशान डोंगराच्या बाजूला बस लागली आणि खिडकीतून भात दिसायला लागलं, तेव्हा कुठे ते सावरून बसले. आमच्याबरोबर एक तरुण चिनी गाईड मुलगी होती, हातात छोटा पिवळा झेंडा. ती इंग्रजीत सांगायची, मी मराठीत सांगायचो आणि घरमालक मध्येच थांबवून विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या, पाणी कुटनं येतं ते इचारा."

पहिलं गाव चित्रफितीतलंच होतं. वेशीवर तिकीटघर बघून ते थबकले. "गावात शिराया तिकीट? मंग आतली माणसं घरी जाताना काय दावत्यात?" गाईडने सांगितलं, गावकऱ्यांना लागत नाही. त्यांचं समाधान झालं नाही, पण आत शिरले. आत शिरल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. घरासमोरून खरोखरच पाट वाहत होता, आणि एक म्हातारी उकिडवी बसून त्यात भाजी धूत होती. पूर्वी सकाळी ठरावीक वेळेपर्यंत फक्त पिण्याचं पाणी भरायचं आणि त्यानंतरच धुणं करायचं असा इथला नेम होता, असं गाईडने सांगितलं. त्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते पाटाच्या उलट दिशेने चालायला लागले. सगळी मंडळी कोरीव खांब आणि अर्धचंद्राच्या आकाराचं तळं बघत होती आणि इकडे हा माणूस नाहीसा झालेला. तासाभराने ते आम्हाला गावाबाहेर, जिथे ओढ्याचं पाणी पाटात घेतलं होतं, त्या दगडावर सापडले. म्हणाले, "पाणी पास." नंतर गावच्या पूर्वजांच्या सभागृहात लाकडी पाट्यांवर पिढ्यांची नावं ओळीने लावलेली पाहिली. तिथे त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ उभे राहिले. "मेल्यांची बी सोय हाय. आता खळं इचारा." गाईडने एका म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं. त्याने हात केला तिकडे आमची बस उभी होती. खळ्याची जागा आता वाहनतळाला दिली होती.

तरीही त्यांनी उमेद सोडली नव्हती, कारण तेवढ्यात पुलावरून एक शेतकरी रेडा घेऊन आला. डोक्याला बांबूची टोपी, खांद्यावर औत, पायात गवताच्या चपला. घरमालक लगबगीने पुढे झाले. तो शेतकरी पूल ओलांडून पलीकडे गेला, वळला आणि पुन्हा पूल ओलांडून आला. मग पुन्हा गेला. पलीकडच्या काठावर कॅमेरे लावून माणसं बसली होती. तिसऱ्या खेपेला घरमालकांनी रेड्याला थांबवलं आणि त्याच्या मानेवर, जिथे जू बसतं तिथे, तळहात ठेवला. हात तसाच दोन्ही बाजूंनी फिरवला. रेडा शांत उभा राहिला. "घट्टा न्हाई," ते मला म्हणाले. "केस बी गेल्याले न्हाईत. ह्येनं जलमात औत वढलं न्हाई, पाव्हणं. ह्यो फोटूचा रेडा हाय." शेतकऱ्याला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण त्या हाताचा अर्थ त्याला कळला असावा. त्याने मान खाली घातली आणि रेडा पुढे काढला. त्या दिवशी घरमालक जेवले नाहीत. निवृत्त मंडळींनी पोट बिघडलं समजून त्यांना तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या. त्यांनी त्या घेऊन खिशात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला बस एका लहान गावाशी थांबली. ते पाहायचं गाव नव्हतं, तिथे तिकीट नव्हतं. जेवण वाढून झालं तरी घरमालक आले नाहीत म्हणून मी शोधत निघालो. गावातली बहुतेक दारं कुलपात होती. गाव संपतं तिथे एका खाचरात एक म्हातारा आणि त्याची म्हातारी भात कापत होते, आणि त्यांच्यामध्ये, पायजमा गुडघ्यावर खोचून, आमचे घरमालक. पश्चिमेकडून काळं आभाळ चढत होतं. अर्धं भात उभं, कापलेलं जमिनीवर पसरलेलं. "पाव्हणं, गड्यास्नी बोलवा," ते मान वर न करता म्हणाले. "पाऊस आला तर दोन माणसांनी हुयाचं न्हाई. इर्जिक करू." इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात सगळ्या गावाने एक दिवस राबायचं. मजुरी घ्यायची नाही, दुपारी मालकाने पोटभर जेवू घालायचं, आणि त्याने पुढे इतरांच्या शेतात जायचं. हे मी निवृत्त मंडळींना कसं समजावलं ते आता आठवत नाही. पण ती आली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पेंढ्या वाहायला लागले, त्यांच्या पत्नी पदर खोचून कापलेलं गोळा करायला लागल्या. गाईड आधी झेंडा उंच धरून ओरडली, मग घड्याळ बघून ओरडली, आणि शेवटी झेंडा कमरेला खोचून तिनेही पेंढ्या उचलल्या. तिथे भात मोठ्या लाकडी पेटीच्या काठावर झोडतात. घरमालकांनी ती पद्धत एकदा पाहिली आणि त्या म्हाताऱ्यासमोर उभं राहून झोडायला लागले. एकाची पेंढी वर तेव्हा दुसऱ्याची खाली. पहिले थेंब पडले तेव्हा शेवटचं पोतं ओसरीत पोचलं होतं.

आता बसकडे पळायचं, तर घरमालक ओसरीवर मांडी घालून बसले. म्हणाले, इर्जिकीला आलेला माणूस जेवल्याशिवाय उठत नाही, मालकाचा अपमान होतो. गाईड बिचारी रडकुंडीला आली. पण त्या म्हातारा-म्हातारीला काही समजवावं लागलं नाही. म्हातारी आधीच चुलीपाशी गेली होती. तिने उकडलेली रताळी, भुईमुगाच्या शेंगा आणि गरम पाणी आणून सगळ्यांपुढे ठेवलं, आणि कमी पडतंय म्हणून दोन्ही हात जोडले. मग घरमालकांनी विचारलं, गाईडने आणि मी ते पोचवलं. मुलं किती? दोन, शहरात. गावात कोण? अशीच सात-आठ म्हातारी घरं. "ह्येच्यामागं शेत कोन करनार?" म्हाताऱ्याने घरमालकांच्या पेल्यात पाणी ओतलं आणि तोच प्रश्न उलट त्यांना विचारला. गाईडने तो मला सांगितला आणि मी त्यांना. घरमालक पावसाकडे बघत होते. म्हणाले, "त्येला सांगा, मीबी हेच इचाराया इतक्या लांब आलो." ते गाईडने सांगितलं तेव्हा तो म्हातारा हसला आणि तोही पावसाकडे बघायला लागला. मला तिथून उठून जावंसं वाटलं. निघताना म्हातारा म्हणाला, पुढल्या वर्षी या. घरमालक म्हणाले, येतो. आमच्यातल्या बाकीच्यांनी निरोप घेताना अशी बरीच आश्वासनं दिली. घरमालकांचं तेवढं खरं होतं.

घरी आल्यावर मुलांनी कागद काढले नाहीत, ही त्यांची माया. घरमालकांनीच त्यांना बोलावलं. "भात तयार हाय. दिवाळीनंतरच्या रईवारी इर्जिक घालतो. भावकीला सांगा." कित्येक वर्षांत सूसमध्ये इर्जिक झाली नव्हती. ते स्वतः घरोघर जाऊन आमंत्रण देऊन आले, सगळे आनंदाने हो म्हणाले. ही इर्जिक म्हणजे त्यांनी स्वतःलाच घातलेली नवी अट होती, हे मला उशिरा कळलं. गावाने एक दिवस जरी खाचरात पाय ठेवला असता, तर त्यांनी सही केली नसती. रविवारी उजाडताच त्यांनी पंचवीस विळे धार लावून बांधावर मांडले. सात वाजले, आठ वाजले. इमारतीतली आम्ही भाडेकरू मंडळी, चौघेजण, ऑफिसचे टी-शर्ट घालून उतरलो. त्यातल्या एकाने पहिल्या दहा मिनिटांत बोट कापून घेतलं, दुसरा भाताबरोबर बांधावरचं गवतही कापत गेला. घरमालक मागून येऊन गवत वेगळं करत राहिले. मधून मधून रस्त्याकडे बघत. साडेबाराला गाड्या यायला लागल्या. पांढरे कपडे, काळे चष्मे, सगळी भावकी आली, एकूण एक आली. मटणाचा रस्सा, भाकरी, इंद्रायणीचा भात. घरमालकांनी प्रत्येकाला स्वतः वाढलं, आग्रह केला. जेवणारे म्हणत होते, अशी इर्जिक दरसाल घाला, आबा. खाचर अर्धं उभंच होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी हात धुतले आणि थोरल्याला सांगितलं, कागद आण. बांधावर बसूनच सही केली. त्या दिवशी चष्मा खिशात होता आणि पेन पहिल्या झटक्याला चाललं. उरलेलं भात पुढचे चार दिवस त्यांनी एकट्याने कापलं. मी ऑफिसला जाताना आणि येताना त्यांची टोपी दिसायची. त्या चार दिवसांत मी रजा घेतली नाही, त्याची मला आजही लाज वाटते.

वर्ष होत आलं. तिथे आता मोठा खड्डा आहे आणि भोवती पत्रे. घरमालकांची दृष्टी मंदावली आहे, गुडघे उठू देत नाहीत. स्कूटर विकली नाही, पण निघतही नाही. गेल्या आठवड्यात त्या गाईडचा निरोप आला. तिने मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावी जाऊन खाचराचा फोटो काढला होता. कमरेएवढं गवत, बांध फुटलेला. खाली लिहिलं होतं, म्हातारी हिवाळ्यात गेली, म्हाताऱ्याला मुलगा शहरात घेऊन गेला. मी हे वाचत जिन्यावर उभा होतो आणि घरमालक खाली खुर्चीवर बसले होते. फोन वाजलेला त्यांनी ऐकला होता.

"चीनचा हाय का?" त्यांनी विचारलं. "म्हाताऱ्याचं भात निगालं का? आपल्याच्यानं तर जाणं झालं न्हाई."

मी खाली उतरलो आणि त्यांच्याजवळ बसलो. म्हणालो, "निघालं काका. सगळं गाव आलं होतं इर्जिकीला."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाही, हे त्या वेळी मला बरं वाटलं.

"सकाळी आलं व्हतं," त्यांनी हळूच विचारलं, "का जेवायला?"

"सकाळी," मी म्हणालो. "उजाडायच्या आत."